‘पाय घसरला’ म्हणून विषय संपवू नका

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकू बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." पण काकूंनीच मला हळूच सांगितलं, दिवाळीत ओट्यापाशी एकदा पडले होते. मुलगा देवळात एकटीला जाऊ देणार नाही म्हणून बोलले नाही.

मंडळी, खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते. आणि अंदाज घ्यायला मशीन लागत नाही, तीन प्रश्न पुरतात. वर्षभरात पडलात का? उभं राहताना, चालताना तोल जातो का? पडायची भीती वाटते का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर पुढची चाचणी घ्या. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवा. चाचणी घेताना कुणीतरी शेजारी चालत राहा.

अर्थात, १० सेकंदांत फिरून येणारे आजोबाही झोपेच्या गोळीच्या गुंगीत रात्री लघवीला उठले तर पडू शकतात. म्हणून चाल बघून थांबायचं नाही. चालू असलेल्या गोळ्या, नजर, उभं राहिल्यावर बीपी उतरतं का, हेही तपासायला हवं.

आशाताई जो आरोग्याचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी तोल जाण्याचा प्रश्न आहेच. माझा सवाल त्याच्या पुढचा आहे. ‘हो’ म्हणणाऱ्याला नंतर कोण तपासतं? आशाताईंवर आधीच कामाचा बोजा आहे, त्यांना दोष देऊ नका. आपल्या आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक दिवस यासाठी ठेवा, एवढी मागणी नगरसेवकांकडे करूया. आणि हो, बाजारातले उखडलेले पेव्हर ब्लॉकही बसवून घ्या म्हणावं.

तोवर आज घरी आईवडिलांना विचारा, "इतक्यात कुठे पडलात का?" ‘हो’ म्हणाले तर रागावू नका, बाहेर जाणंही बंद करू नका. घरात बसून पाय आणखी कमजोर होतात, आणि पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.