बुटांचा खर्च कोणत्या खात्यात?

आमच्या घरांमध्ये मुलाचे स्पोर्ट्स शूज हा खेळाचा खर्च असतो आणि मुलीचे सॅन्डल हा ईदचा खर्च. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवताना गेली अनेक वर्षे मी हे पाहत आले आहे. मुलगा क्रिकेट खेळतो म्हणून त्याला बूट हवेत, यावर घरात वाद होत नाही. मुलगी शाळेच्या संघात असते, आठशे मीटर धावते, तरी तिच्या पायात गणवेशाचे काळे बूट नाहीतर बेली. पालकांशी विषय काढला की उत्तर ठरलेले, "टीचर, आहेत ना तिच्याकडे बूट!" आहेत, हे खरे. ते कशासाठी आहेत, हे मात्र कोणी विचारत नाही.

स्वयंपाकघरात आपण असे करत नाही. भाकरीचा तवा वेगळा, डोशाचा वेगळा, बिर्याणीचे पातेले तर वर्षभर माळ्यावर जपून ठेवलेले. पायांच्या बाबतीत मात्र एकाच भांड्यात सगळे शिजवायचे.

धावणे म्हणजे सरळ पुढे जाणे. प्रत्येक पाऊल टेकताना शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार त्या एका पायावर येतो. म्हणून धावण्याच्या बहुतेक बुटांना खाली जाड, मऊ फोम असतो आणि टाच पुढच्या भागापेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच असते. पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या वस्तीतली पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. कित्येकांच्या पायात पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट असतात. तेच, जे आम्ही पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री खडू घासून पांढरे करायचो. परेडला ते उत्तम. पण रोज डांबरावर धावायला लागले की काही आठवड्यांत नडगी दुखायला लागते, आणि मुलगी येऊन सांगते, "टीचर, मेरे से नहीं होता." आपल्यातच दम नाही अशी तिची समजूत होते. बुटाच्या तळाकडे तिचे लक्ष जात नाही, घरच्यांचेही नाही. मोठ्या भावाचे उतरलेले बूट देऊनही हे भागत नाही. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावून झाले की आतला फोम दबून जातो, वरून बूट कितीही नवा दिसो.

आता हेच रनिंग शूज घालून बॅडमिंटनला उतरले तर ते घात करतात. बॅडमिंटन, बास्केटबॉल यांत शरीर क्षणात डावीकडे, क्षणात उजवीकडे झेपावते. उंच, मऊ तळ कडेला कलंडतो आणि घोटा मुरगळतो. या खेळांचे बूट जमिनीलगत असतात, कडा घट्ट असतात, आणि बॅडमिंटनच्या बुटाचा रबरी तळ लाकडी कोर्टावर पकड धरतो. फुटबॉलचे स्टड माती आणि गवतासाठी आहेत. शाळेच्या सिमेंटच्या अंगणात ते घालून पळणारा मुलगा पाहिला की माझ्या काळजात धस्स होते. कबड्डी मातीवर अनवाणी खेळतात, मॅटवर आली की तिलाही बूट लागतात. गंमत म्हणजे वजन उचलताना किंवा उठाबशा काढताना फोमचा तळ डगमगतो, पाय स्थिर राहत नाही. तिथे तो बिचारा सपाट कॅनव्हासच जास्त उपयोगी पडतो. महाग बूट सगळीकडे चांगला, हा समज निदान एवढ्यावरून तरी सुटावा.

यावर एक आक्षेप हमखास येतो की लोक अनवाणी धावून जिंकले आहेत. बारामतीच्या लता करे साठीनंतर नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपटही आला. पण नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. त्यांच्या जिद्दीला सलाम करावा, त्यांच्या नाइलाजाला पद्धत बनवू नये. इथिओपियाचे अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकले, ही गोष्ट प्रत्येक क्रीडा शिक्षकाला पाठ असते. पुढचा भाग क्वचितच कोणी सांगतो. १९६४ मध्ये टोकियोला ते बूट घालून धावले, पुन्हा सुवर्णपदक मिळवले, आणि वेळ रोमपेक्षा तीन मिनिटांहून अधिक चांगली होती. मुलींना सांगायला मला स्वप्ना बर्मनचे उदाहरण अधिक पटते. पश्चिम बंगालच्या गरीब घरातली ही मुलगी. तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे. बाजारातल्या बुटांत पाय आवळला जायचा, तरी २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक मिळवले. तिच्या पायाच्या मापाचे खास बूट तिला मिळाले ते त्यानंतर. पदक आधी, बूट नंतर. आमच्या मुलींकडून आपण याच क्रमाची अपेक्षा करतो.

मुलींपेक्षाही मला जास्त काळजी त्यांच्या आयांची आणि नान्यांची वाटते. साखर वाढली की डॉक्टर सांगतात, "रोज चालायला जा." कशात चालायचे, हे दवाखान्याच्या गर्दीत राहून जाते. मग फजरनंतर ईदगाहच्या मैदानावर बायकांचे घोळके निघतात, पायात घरातली रबरी स्लीपर किंवा लग्नातली सॅन्डल. स्लीपर सुटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटे आवळून धरावी लागतात. टाच मोकळी, तळ पातळ. पंधरा दिवसांत टाचदुखी सुरू, आणि "चालणे मला मानवत नाही" म्हणून बाई घरी बसते. साखर जिथल्या तिथे.

यात धोका टाचदुखीहून मोठा आहे. मधुमेह दीर्घकाळ आटोक्याबाहेर राहिला की पावलांची संवेदना कमी होते. खडा रुतला, पट्टा घासला तरी कळत नाही. जखम चिघळल्यावर घरात कुणाच्या तरी नजरेस पडते. अशा बाईने बूट विकत घेण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावा. ते घरात वापरायला एमसीआरची चप्पल सुचवतील, बाहेर चालायला बंद, पुढून रुंद बूट. घालण्याआधी बुटात हात फिरवून पाहायचा, रात्री तळवे तपासायचे. वाकणे जमत नसेल तर नातवंडाला पाहायला सांगा. आणखी एक, वुजू करून ओले पाय तसेच मोज्यात घालू नयेत. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर तिथे बुरशी धरते.

बुरख्याखाली स्पोर्ट्स शूज विचित्र दिसतात, असेही ऐकते. खरी अडचण दिसण्याची नाही, शिलाईची आहे. बुरख्याची उंची उंच टाचेच्या सॅन्डलवर मापलेली असते, म्हणून बुटावर घोळ जमिनीला लागतो आणि पायात येतो. चालायला जाण्याचा एक बुरखा दोन बोटे वर शिवून घेतला की झाले. लेस बांधणे जड जाते त्यांनी पट्टा चिकटवायचे बूट घ्यावेत. नमाजसाठी काढायला-घालायलाही ते सोपे.

पैशांचा प्रश्न आहेच, पण नावाजलेल्या छापाचे बूट हवेतच असे नाही. स्थानिक बाजारातला बूट हातात घेऊन दोन्ही टोकांनी वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडणारा ठेवून द्या. टाचेचा मागचा भाग दाबा, तो सहज आत गेला तर पाय धरून ठेवणार नाही. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. रोजचे मोजे घालून, दोन्ही बूट चढवून उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. बायकांच्या कप्प्यातले बूट पुष्कळदा अरुंद निघतात. तेव्हा शेजारच्या पुरुषांच्या कप्प्यातला लहान नंबर बिनधास्त मागा. दुकानदार भुवया उंचावेल, उंचावू द्या.

आमच्याकडे तर मुलीचा बूट बहुधा ती नसतानाच येतो. अब्बा किंवा भाईजान अंदाजाने नंबर सांगतात. यंदाच्या पालकसभेत मी एवढेच मागणार आहे की मुलीला दुकानात सोबत न्या. तेही जमत नसेल तर तिला वहीच्या कागदावर उभे करा, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद खिशात घेऊन जा. मागच्या बाजूला तिच्याच हाताने लिहून घ्या की ती कोणता खेळ खेळते.