खंड खंड, तरीही अखंड

अमरकंटकच्या कुंडातून निघालेली नर्मदा १३१२ किलोमीटरचा प्रवास करून भरूचच्या पुढे खंभातच्या आखातात सागराला मिळते. तिची परिक्रमा करणारा तिला सदैव उजव्या हाताला ठेवतो. दक्षिण तीराने तो मुखापर्यंत जातो आणि उत्तर तीराने उगमाकडे परततो. प्रवाह कोठेही ओलांडायचा नाही, हा दंडक. केवळ मुखाशी, विमलेश्वरहून मिठीतलाईपर्यंत, नावेचा आधार घ्यायचा. परंपरेने या परिक्रमेसाठी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा काळ सांगितला आहे. चातुर्मासात परिक्रमावासी एके ठिकाणी मुक्काम करतो. ज्यांच्या घरी साधुसाध्वींच्या विहाराचे आणि चातुर्मासाचे संस्कार आहेत, त्यांना या नियमाचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु संसारी माणसाने एवढा काळ आणावा कोठून? नोकरी, दुकान, मुलांच्या परीक्षा, घरातील वृद्धांची शुश्रूषा, यांतून सलग तीन वर्षे कोणाला मिळणार? म्हणून ‘खंड परिक्रमा’ रूढ झाली. सवड मिळेल तेवढे दिवस चालावे, घरी परतावे आणि पुढच्या खेपेस जेथे पाऊल थांबले तेथूनच पुन्हा उचलावे. साधूचे व्रत आणि गृहस्थाचे व्रत यांत अंतर असते ते मर्यादेचे, निष्ठेचे नव्हे.

जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड हे अशा गृहस्थाचे उत्तम उदाहरण. त्यांचा जन्म १९२८ चा. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे त्यांनी कलेचे शिक्षण घेतले आणि जबलपूरला परतून ते कलाशिक्षक झाले. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी जबलपूर ते मंडला हा पहिला टप्पा पायी केला. पुढे वर्षानुवर्षे एकेक टप्पा जोडत त्यांनी नर्मदेचे तीर पालथे घातले. पाठीवर थोडे सामान, हाती रेखाटनवही. त्यांचा ओढा विधीपेक्षा सौंदर्याकडे अधिक होता. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच ते सांगते. पंचाहत्तरीच्या सुमारास त्यांनी पत्नीसह पुन्हा हे तीर धरले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

टप्प्याटप्प्याने चालणे सोपे, असा समज आहे. तो खरा नव्हे. सलग चालणाऱ्याचे पाय एकदाच कणखर होतात. खंडाने चालणाऱ्याच्या तळव्यांना प्रत्येक खेपेस नव्याने फोड येतात. त्याहून कठीण असते ते घराचा उंबरठा पुन्हा ओलांडणे. मऊ अंथरूण, वेळेवरचे जेवण आणि मागे साचलेली कामे, या साऱ्यांतून उठून तोच घाट, तीच धुळीची वाट गाठायची. सलग यात्रेत संकल्प एकदा करावा लागतो; खंड यात्रेत तो दर वेळी नव्याने करावा लागतो. आणि प्रत्येक वेळी तीरावरच्या गावात कोणीतरी अनोळखी माणूस ‘नर्मदे हर’ म्हणत पीठ, डाळ, मीठ पुढे करतो. या सदावर्तापुढे शहरात जपलेली प्रतिष्ठा आपोआप गळून पडते. जरुरीपुरतेच घ्यावे, उद्यासाठी साठवू नये, हा पाठ तेथे उपदेशावाचून मिळतो.

मात्र या वाटेची एक दुखरी बाजू आहे. जबलपूर आणि मंडला यांच्यामध्ये बरगी येथे धरण उभे राहिले आणि वेगड ज्या तीरावरून पहिल्यांदा चालले, त्याचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. शंभराहून अधिक गावे त्यात बुडाली. पुढे इंदिरा सागर आणि सरदार सरोवर यांच्या पाण्याने आणखी घाट, मंदिरे, शेते आणि पायवाटा गिळल्या. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठची गावेही त्यातून सुटली नाहीत. धरणांनी शेतीला पाणी दिले, वीज दिली, हे खरे. पण ज्यांची अंगणे बुडाली त्यांना ती किंमत मोजावी लागली, हेही तितकेच खरे. आजचा परिक्रमावासी अनेक ठिकाणी नदीपासून दूर, डांबरी रस्त्याने चालतो. वेगडांनी पाहिलेला तो तीर आता त्यांच्या रेखाटनांत आणि शब्दांतच पाहावयास मिळतो.

‘निवृत्तीनंतर पाहू’ असे म्हणणाऱ्यास हे सांगणे आहे. वेगडांनी निवृत्तीची वाट पाहिली असती, तर तो पहिला टप्पा त्यांना पाण्याखालीच सापडला असता. वाट माणसासाठी थांबत नाही आणि गुडघेही थांबत नाहीत. संपूर्ण परिक्रमेचा काळ हाती नसेल. पाच दिवस तर असतील! पाच दिवसांची चाल ही अपुरी परिक्रमा नव्हे. ती सुरू झालेली परिक्रमा होय. नदी तरी कोठे एका दमात सागराला मिळते? तीही खडकाशी अडते, डोहात विसावते, वळण घेते आणि पुन्हा वाहू लागते.