प्रोग्राम खेळणार, मग माणूस हजर कशाला?

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामांची पहिली जागतिक स्पर्धा १९७४ मध्ये स्टॉकहोमला झाली. तेरा प्रोग्राम, चार फेऱ्या. सोव्हिएत संघाच्या ‘काइसा’ने चारही डाव जिंकले. गंमत म्हणजे काइसा ज्या संगणकावर चालत होता, तो स्टॉकहोममध्ये नव्हताच. तो मॉस्कोत होता आणि चाली टेलिफोनवरून येत होत्या. एवढे मोठे यंत्र उचलून नेणार कसे? पटापाशी बसली होती ती माणसे. यंत्राला गैरहजेरीची मुभा होती, माणसांना नव्हती.

हीच प्रथा पुढे रूढ झाली. संघाचा प्रतिनिधी पटापाशी बसायचा, प्रतिस्पर्ध्याची चाल संगणकात भरायचा, आपल्या प्रोग्रामची चाल पटावर करून घड्याळ दाबायचा. इंटरनेट आल्यावर हे जुनाट वाटू लागले, आणि ते स्वाभाविकच होते. परदेशवारीचे तिकीट, हॉटेल, रजा हे सारे हौशी प्रोग्रामरला कुठून परवडणार? शिवाय स्टॉकफिशसारखा खुला प्रोग्राम जगभरातल्या अनेकांच्या हातांनी घडतो. त्याच्या वतीने हजेरी कोणी लावायची? २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘टीसीईसी’ या ऑनलाइन स्पर्धेत प्रोग्राम संयोजकांच्याच यंत्रांवर शेकडो डाव खेळतात, पटापाशी कोणीही बसत नाही. कोण अधिक बलवान एवढेच ठरवायचे असेल, तर हीच पद्धत रास्त. नऊ-दहा डावांवरून, तेही वेगवेगळ्या ताकदीच्या यंत्रांवर, जगज्जेता ठरवणे म्हणजे नऊ-दहा रुग्णांवर औषध वापरून त्याचा गुण ठरवण्यासारखे आहे.

त्यातून माणूस मध्ये आला की घोळही येतो. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ‘श्रेडर’ ‘जॉनी’विरुद्ध जिंकत आला होता. पण श्रेडरमधल्या एका दोषामुळे तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा येण्याची वेळ आली. जॉनीच्या पडद्यावर तशी सूचनाही उमटली. दावा केला असता तर डाव बरोबरीत सुटला असता. जॉनीच्या चालकाने तो केला नाही, खेळ पुढे चालू राहिला आणि श्रेडर जिंकला. त्या अर्ध्या गुणाने तो ‘फ्रिट्झ’च्या बरोबरीला आला आणि निर्णायक सामन्यात जगज्जेता ठरला. प्रोग्रामला दिसलेली बरोबरी माणसाने सोडून दिली!

तरीही हजेरीचा नियम मोडीत काढण्याची घाई करू नये. ही स्पर्धा भरवणारी संघटना मुळात संशोधकांची. स्पर्धेला जोडून शोधनिबंधांची परिषदही होत असे. हरल्यावर शेजारचा विचारी, ‘राजावरचा हल्ला तुमच्या प्रोग्रामला दिसला कसा नाही?’ त्याला तिथेच उत्तर द्यावे लागे. रुग्णालयातल्या मृत्यू-आढावा बैठकीत नुसता केसपेपर पाठवून भागत नाही, उपचार करणारा डॉक्टर समोर लागतो, तसेच हे.

अर्थात, हजेरी म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे. ‘रिब्का’ची २००७ ते २०१० ही चार विजेतेपदे, इतरांचा कोड वापरल्याचा ठपका ठेवून, संघटनेने २०११ मध्ये काढून घेतली. तोवर तिचे प्रतिनिधी सर्वांसमोरच बसत होते. कोड तपासल्याशिवाय माणसाला नुसते बसवून उपयोग नाही. संयोजकांची खरी चूक वेगळीच. संशोधकांच्या भेटीगाठींना त्यांनी ‘जागतिक अजिंक्यपद’ हे नाव दिले. बलवान प्रोग्राम गैरहजर असताना ते नाव खरे राहिले नाही. अखेर २०२४ मध्ये स्पेनमधील सांतियागो द कोम्पोस्तेला येथे शेवटची स्पर्धा घेऊन संघटनेने ती बंद केली.

बुद्धिबळात चुकले तर डाव जातो. पण छातीचे एक्स-रे पाहून क्षयाचा संशय सांगणारे प्रोग्राम आता दवाखान्यांत आले आहेत. प्रौढांच्या तपासणीत त्यांचा वापर करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. दुर्गम भागात रेडिओलॉजिस्ट नसताना त्यांचा उपयोग मोठा, यात शंका नाही. त्यांची तुलना टक्केवारीच्या तक्त्यांवर होते, तीही हवीच. पण एखाद्या रुग्णाच्या फिल्मवरचा डाग सुटला, तर तो प्रोग्राम बनवणाऱ्याला त्या फिल्मसमोर बसवून ‘हा का दिसला नाही?’ असे विचारायची बैठक कोणत्या तालुक्याच्या दवाखान्यात भरते?