‘नैसर्गिक’ रंगाची चिठ्ठी

अलीकडे शहरांतील प्रदर्शनांत लोकरीच्या शालींवर ‘शुद्ध नैसर्गिक रंग’ अशी चिठ्ठी लावून किंमत वाढविण्याची चाल पडली आहे. किंमतीविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती चिठ्ठीमागील विचाराविषयीं. वनस्पतींचा रंग म्हणजे साधा, निरुपद्रवी, आजीबाईच्या बटव्यांतला, हें गोड तत्त्वज्ञान खोटें आहे. आणि ज्या जुन्या रंगाऱ्यांच्या गौरवार्थ तें सांगितलें जातें, त्यांचाच त्यांत अपमान आहे.

रत्नागिरीस लोकरीचें काय, असें कोणी पुसेल. पण ही विद्या आमच्या किनाऱ्यास परकी नव्हे. नायलॉन येण्यापूर्वीं सुती जाळीं झाडांच्या सालींच्या काढ्यांत बुडवून टिकाऊ केलीं जात. सह्याद्रीचा हिरडा कातडीं कमावण्यास व कापड रंगविण्यास जाई. दोहोंचें मर्म एकच, तें म्हणजे टॅनिन.

आतां लोकर घ्या. ती प्रथिनांची बनलेली असल्यामुळें तुरटी थेट धरते. सुतास मात्र आधीं हिरड्याचें पाणी पाजावें लागतें. शंभर भार लोकरीस सुमारें दहा ते पंधरा भार तुरटी आणि मंद आंच पुरे. कढत पाण्यांतून एकदम थंड पाण्यांत टाकली, तर लोकर आटून बुरणुसासारखी होते. मंजिष्ठेच्या मुळ्या तुरटीवर तांबडा रंग देतात. हिरड्यावर हिराकस पडला कीं काळा येतो, पण तो जास्त झाला तर धागा ठिसूळ होतो. हें ज्ञान पिढ्यांनीं हात पोळून मिळविलें. तें निसर्गाचें दान म्हणणें म्हणजे रंगाऱ्याची विद्या झाडाच्या नांवें लिहून टाकणें होय.

आणि निरुपद्रवी कसा? मोरचूद व बायक्रोमेट यांवर चढविलेला रंगही ‘वनस्पतींचा’च म्हणवितो, पण तें सांडपाणी ओढ्यांत सोडल्यास चिठ्ठी मासे वांचवीत नाहीं. हळदीचा रंग तर उन्हांतच उडतो.

मग कृत्रिम रंगच बरे काय? तसेंही आमचें म्हणणें नाहीं. १८५६ सालीं पर्किननें पहिला कृत्रिम जांभळा रंग केला. १८६८ त अलिझारिन प्रयोगशाळेंत तयार झालें. १८९७ त कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि बिहारांतील निळीची शेती बसली. तो विजय निव्वळ स्वस्ताईचा नव्हता. प्रत्येक खेपेस तोच रंग येईल, ही खात्रीही त्यांत होती. ज्यांना मंजिष्ठ परत आणावयाची आहे, त्यांनीं तिच्याबरोबर हीच खात्री दिली पाहिजे.

शेवटीं दख्खनी मेंढीविषयीं. तिची लोकर बहुधा काळी. धनगराचें घोंगडें मेंढीच्याच रंगाचें व चिंचोक्याच्या खळीनें ताठ केलेलें असतें. गिऱ्हाइकाच्या हौसेसाठीं तें रंगवा, असें त्या विणकरास सांगणारा त्याच्या मालास कमी लेखतो, आणि काळ्या लोकरीवर मंजिष्ठ दिसत नाहीं एवढेंही जाणत नाहीं.

म्हणून आमचें मागणें एवढेंच. चिठ्ठीवर वनस्पतीचें नांव लिहावें, रंग कोणत्या क्षारावर बसविला तें लिहावें, आणि तो उन्हांत किती टिकतो हें पारखून लिहावें. हें लिहिण्याची तयारी नसेल, तर ‘नैसर्गिक’ हा शब्द खोडून टाकावा.