झिजलेला गुडघा आणि थाई मसाज

गुडघ्यातली झिजलेली कूर्चा चोळून परत येत नाही, म्हणून थाई मसाज ही सहलीतली चैन, उपचार नव्हे, असं बरेच डॉक्टर एका वाक्यात सांगून मोकळे होतात. या वाक्याचा पहिला भाग खरा आहे, पण दुसरा त्यातून निघत नाही. आयबुप्रोफेननेही कूर्चा परत येत नाही. तरी ते आपण औषधच मानतो, कारण त्याने दुखणं कमी होतं. मग मसाजला वेगळा न्याय का? शिवाय एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि माणसाला होणारं दुखणं यांचा मेळ अनेकदा बसत नाही. दुखऱ्या गुडघ्याभोवती मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आखडतात, माणूस पाय जपून टाकू लागतो, स्नायू आणखी अशक्त होतात. हाताने काही करता येईल ते इथेच.

थायलंडमध्ये हे काम जमिनीवरच्या गादीवर, सैल कपड्यांत, बहुधा तेलाशिवाय होतं. अंगठे वाटीच्या वरून मांडीवर थांबत थांबत सरकतात, मग पोटरीवर येतात. त्यानंतर ‘लुक प्राकोप’, म्हणजे वाफवलेली पोटली: त्यात प्लाय हा आल्याच्या कुळातला कंद, हळद, गवती चहा, मकरूट लिंबाची साल, चिंचेचा पाला, मीठ, कापूर. मसाज करणारी बाई पोटली आधी स्वतःच्या हाताला लावून पाहते, मगच गुडघ्यावर टेकवते. या शास्त्रातल्या दहा ‘सेन’ वाहिन्या शरीररचनेत सापडत नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण उपपत्ती चुकली म्हणून हाताचा गुण खोटा ठरत नाही.

मसाजच्या बाजूने केले जाणारे दावे मात्र जास्त घातक आहेत. ‘गॅप भरतो’, ‘वंगण परत येतं’, ‘ऑपरेशन टळतं’. याला काडीचा आधार नाही. बँकॉकच्या वाट फो विहारात राजा तिसऱ्या रामाने एकोणिसाव्या शतकात वैद्यकाचे शिलालेख कोरवून घेतले, युनेस्कोने 2019 साली ‘नुआद थाई’ला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, दोन्ही गोष्टी अभिमानाच्या, पण गुडघ्याच्या गुणाचा पुरावा नव्हेत. खुद्द थाई वैद्यकाला विवेक आहे: कोरडा ‘चप पोंग’, म्हणजे दुखरा गुडघा, वेगळा आणि सुजलेला, गरम, पाणी धरलेला वेगळा. दुसऱ्यावर जोर लावायचा नसतो. जांघेतली धमनी दाबून सोडण्याची रीतही याच परंपरेत आहे. पायात रक्ताची गुठळी असलेल्या माणसावर ती करणं म्हणजे जिवाशी खेळ. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला पोटलीचा चटका कळतही नाही.

वनौषधींचंही तसंच. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका थाई चाचणीत 367 रुग्णांना चार आठवडे दिवसाला 1500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क किंवा 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं. दुखण्यावर अर्क गोळीच्या तोडीचा ठरला आणि पोटाचा त्रास कमी झाला. ही कमाई खरी आहे. पण तो मोजून दिलेला अर्क होता, दुधातली चमचाभर हळद नव्हे. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. थायलंडच्या खेड्यापाड्यांत विकल्या जाणाऱ्या ‘या लुक क्लोन’ या वनौषधी गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. दोन दिवसांत चमत्कार दाखवणारी पुडी आपल्याकडेही मिळते. तिच्यावर हाच संशय घ्यायला हवा.

मग मसाजची जागा कोणती? अमेरिकेत 222 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (ती स्वीडिश मसाजची होती) आठ आठवड्यांनी स्पष्ट फायदा दिसला, वर्षअखेरीस गटांमधला फरक उरला नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2022 ची मार्गदर्शिका सांगते की हाताने करायचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच विचारात घ्यावेत. मला हेच पटतं. मसाज दुखणं काही काळ मागे हटवतो आणि त्या काळात मांडीचा स्नायू बळकट करायची संधी मिळते. ती न साधता दर आठवड्याला नुसतं गादीवर पडून राहणं म्हणजे पैसे वाया. थायलंडच्या सरकारी रुग्णालयांत पारंपरिक मसाज सार्वत्रिक आरोग्य योजनेतून मिळतो, म्हणजे एकाच आवारात मसाज आणि फिजिओथेरपी यांची सांगड घालणं तिथे अवघड नाही. आपल्याकडे मसाजला जाणाऱ्याने निदान एवढं करावं: गुडघा हलका वाटतो त्याच दिवशी खुर्चीत बसून पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली सोडावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं.