वाटेवरचा इतिहास

मे महिन्याची सुटी लागली की मुंबई, पुणे, बेळगाव, इंदूर येथे स्थायिक झालेली आपली मंडळी मुलाबाळांसह मोटारीने गोमंतकात उतरतात. कुलदेवतेचे दर्शन, अभिषेक, आप्तेष्टांच्या घरी एक पंगत, समुद्रकिनारी एक संध्याकाळ, की लगेच परतीचा प्रवास. ह्यात गैर काही नाही. खेद वाटतो तो एवढ्याचाच की शेकडो किलोमीटरच्या ह्या प्रवासात वाटेवरचा मुलूख मुलांच्या दृष्टीसही पडत नाही.

मडगावहून पणजीकडे येताना वेर्णे आणि कुठ्ठाळी ही दोन्ही गावे महामार्गालाच लागतात. म्हार्दोळच्या म्हाळसेचे मूळ स्थान वेर्णे, आणि मंगेशीच्या मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी, म्हणजे जुनी कुशस्थळी. पोर्तुगीज राजवटीच्या धर्मच्छळामुळे १५६० साली भक्तांनी मंगेशाचे लिंग जुवारीपलीकडे प्रियोळला नेले. आज नव्या जुवारी पुलावरून तीच नदी दोन मिनिटांत ओलांडली जाते. पण आपल्या पूर्वजांनी ती कोणत्या संकटात ओलांडली, हे मागच्या आसनावरील मुलाला कोणी सांगत नाही. ज्या देवाचे दर्शन घेण्यास आपण जातो, त्याने स्वतः केलेला प्रवासच त्याला अज्ञात राहतो.

जुन्या गोव्याचेही तसेच. चर्च पाहण्यास रीघ लागते, आणि ती वास्तुकला पाहण्याजोगी आहेच. पण तेथेच, संत फ्रान्सिस यांच्या जुन्या मठात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संग्रहालय १९६४ पासून आहे. कदंबकालीन शिल्पे, वीरगळ, सतीशिळा आणि पोर्तुगीज गव्हर्नरांची तैलचित्रे तेथे एकाच छपराखाली नांदतात. गोमंतकाचा सबंध इतिहास तासाभरात डोळ्यांपुढे उभा करणारी अशी दुसरी जागा आम्हांस ठाऊक नाही.

उत्तरेच्या सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर वाहने थांबतात ती कागदपत्रे दाखविण्यासाठी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या ह्याच सीमेवर. पंजाबातून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल येथेच धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मारकापाशी पाच मिनिटे थांबावे, असे किती कुटुंबांच्या मनात येते?

रिवणजवळ कुशावतीच्या काठी पणसायमळ येथे जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर बैल, हरणे, मोर, मानवाकृती आणि वर्तुळांचा एक चक्रव्यूह कोरलेला आहे. १९९३ साली अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. २०२२ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आठ स्थळांच्या जोडीने ते युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत दाखल झाले. मात्र कातळशिल्प म्हणजे तिजोरीत ठेवावयाची वस्तू नव्हे. चिरेखाणीचा एक घाव किंवा येणाऱ्याजाणाऱ्यांची बेफिकीर पावले सहस्रावधी वर्षांची रेघ पुसून टाकू शकतात. ज्याची कोणालाच ओळख नाही, त्याच्या नाशाची हाकाटीही कोणी करीत नाही.

मुलांना संग्रहालयात कंटाळा येतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खोटा नाही. न बोलणाऱ्या वस्तूपुढे मूल किती वेळ उभे राहणार? परंतु बाणावलीचे ‘गोवा चित्र’ पाहावे. व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी जुनी घरे पालथी घालून जमविलेली चार हजारांवर अवजारे, भांडी व साधने तेथे २००९ पासून मांडलेली आहेत. तेथील नांगर पाहून आजोबा बोलू लागतात, जाते पाहून आजीला ओवी आठवते, आणि मूल ऐकू लागते. आपल्या माडीवरून भंगारात गेलेले सामान तिकीट काढून पाहावे लागते, ही बोचही मोठ्यांना तेथेच लागते, आणि ती लागणे इष्टच आहे.

सरकारकडे आमचे मागणे माफक आहे. नव्या करमणूक-केंद्रांचा घाट घालण्यापूर्वी आहे ते दाखवावे. महामार्गावर मराठी व कोकणीत ठळक फलक लावावेत, मोटार उभी करण्यापुरती जागा आणि स्वच्छ शौचालय असावे, गावातीलच एखाद्या तरुणाला माहिती सांगण्याच्या कामी नेमून त्यास योग्य मानधन द्यावे. कातळशिल्पांभोवती संरक्षण असावे, आणि खाणीचा परवाना देण्यापूर्वी त्या सड्याची पाहणी सक्तीची असावी.

कुटुंबांचे कर्तव्य ह्याहून सोपे आहे. प्रत्येक प्रवासात अशा एका तरी ठिकाणी थांबावे, आणि निघण्यापूर्वी तेथील हकीकत वडीलधाऱ्यांनी जाणून घ्यावी. देवदर्शनाचा संस्कार आपण मुलांवर आग्रहाने करतो. ज्या भूमीने ते देव संकटकाळी सांभाळले, तिची ओळख करून देणे हा त्याच संस्काराचा भाग होय.