रसिकतेचा रिता पेला

मद्याचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित समाजाचे तत्काळ दोन तट पडतात. एक कानांवर हात ठेवतो, दुसरा डोळे मिचकावतो. समोर ठेवलेला पदार्थ चांगला की वाईट, एवढा साधा प्रश्न विचारणारा मनुष्य मात्र दोन्ही तटांत विरळा. हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिलेला नाही. 2009 साली पुण्यात 'डूलाली' या नावाने (हे नावही आपल्याच नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रज शिपायांच्या बोलीत शिरलेले) जागच्या जागी बिअर तयार करून तेथेच ती पाजण्याचा उद्योग सुरू झाला, आणि पुढे पुण्यामुंबईकडे अशी स्थळे वाढत गेली. पदवीधर, प्रतिष्ठित, घरंदाज मंडळी तेथे उघडपणे जातात. त्यांनी जाऊ नये असे सांगण्यासाठी आम्ही ही लेखणी उचललेली नाही. आमची तक्रार निराळी आहे. ही मंडळी तेथून परततात तेव्हा, जे प्यायले त्याविषयी त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काहीही नसते!

परतलेल्या पाहुण्याचा अभिप्राय ऐकावा. दिवे मंद होते, संगीत जोरकस होते, गाडी लावण्यास जागा मिळाली, वाढपी हसतमुख होता, बटाट्याच्या कापा कुरकुरीत होत्या, छायाचित्रे तर फारच उत्तम आली. आणि बिअर? 'मस्त होती.' गाण्याच्या बैठकीहून परतलेल्या गृहस्थाने सतरंजीची, पानसुपारीची व पंख्याच्या वाऱ्याची तारीफ करावी आणि राग कोणता झाला असे विचारताच 'छान होता' म्हणावे, तर त्यास आपण रसिक म्हणू काय?

वस्तुतः अशा स्थळी जाण्याचे खरे कारण एकच असू शकते: करणारा आणि पिणारा तेथे एका छपराखाली असतात. मोड आणून वाळवलेले जव ऊन पाण्यात ठेवून त्यांतील पिष्टाची साखर करावयाची, तो रस हॉप्सच्या फुलांसह उकळून त्यास कडवटपणा व सुगंध आणावयाचा, आणि निववून यीस्टच्या हवाली करावयाचा. या प्रत्येक पायरीवर कारागिराचे कसब किंवा त्याचा आळस पेल्यात उतरतो. जर्मन धर्तीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा व लवंगेचा दरवळ येतो. पेल्यात केळे नसते की लवंग नसते, ती सारी करामत यीस्टची. उलट लोण्यासारखा वास आला, तर बहुधा यीस्टला काम पुरे करू दिलेले नाही किंवा तोटीकडे येणारी नळी वेळच्या वेळी साफ झालेली नाही, असे समजावे. हिरव्या सफरचंदाचा वास अपुऱ्या मुरण्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागून शिळे झाल्याचा. पेल्याच्या काचेस आतून बुडबुडे चिकटून राहिले, तर काच नीट धुतलेली नाही. आणि बर्फासारख्या गार पेल्याचे आपण जे कौतुक करतो, त्या गारव्याने जीभ बधिर होते व वास दबतो. चांगल्या बिअरचे गुण त्यात बुडतात आणि वाईट बिअरचे दोष तरतात.

हापूसची पेटी घेताना देठाशी नाक नेल्यावाचून जो पैसे मोजत नाही, तांदळास कुबट वास आला तर जो पोते दुकानदाराकडे परत धाडतो, तोच मनुष्य काही शे रुपयांच्या पेल्यापुढे मुका का होतो? आमच्या मते याचे मूळ वाङ्मयात आहे. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मद्य म्हटले की सुधाकराचा सर्वनाश किंवा तळीरामाचे आर्यमदिरामंडळ, या दोनच गोष्टी आम्हांस आठवतात. त्या नाटकाची थोरवी आम्ही शिरसावंद्य मानतो. परंतु झिंगण्यासाठी व बुडण्यासाठी आम्ही शब्द घडविले, पारखण्यासाठी ते वापरलेच नाहीत. वास्तविक चवीच्या बाबतीत मराठी काय दरिद्री आहे? तुरट, कडवट, आंबूस, खमंग, खरपूस, करपट, उग्र, खवट, मिळमिळीत: आमच्या आजीबाई आमटीपुरते जे शब्द सहज योजीत, तेच या पेल्यास नेमके लागू पडतात. ते टाकून आम्ही उसन्या इंग्रजीतील 'व्हाइब'वर भागवतो.

पाहुणा बोलू लागला म्हणजे काय होते, याचा दाखला इंग्लंडात आहे. मोठ्या कंपन्या पिंपातली जिवंत बिअर मोडीत काढून गाळलेली, तापवून निर्जीव केलेली व वरून वायू भरलेली बिअर खपवू लागल्या, तेव्हा 1971 साली चौघा तरुण गिऱ्हाइकांनी 'कॅम्रा' ही संस्था काढली. 1974 पासून चांगली बिअर कोठे मिळते याची मार्गदर्शिका तिने छापली. सभासद पुढे लाखांवर गेले आणि नामशेष होऊ घातलेला प्रकार टिकला. हे काम सरकारने केले नाही, कारखानदारांनी तर नाहीच. ते प्यालेल्याने दोष सांगितल्यामुळे झाले.

यावर कोणी म्हणतील, 'आम्ही तेथे विसाव्यास जातो, परीक्षा देण्यास नव्हे.' ठीक. पण मग 'कारागिरीची बिअर' म्हणून जादा दाम कशाचे मोजता? विसावा तर चहाच्या दुकानीही मिळतो. दुसरे कोणी म्हणतील, चवीची दीक्षा देणे म्हणजे व्यसनास उत्तेजन देणे. मद्य आरोग्यास घातक आहे, ते कर्करोगास कारण होते, यात वाद नाही. ज्याला त्यापासून दूर राहावयाचे आहे त्यास आमचा आदरपूर्वक नमस्कार. परंतु जो पिणारच आहे, त्याने घोट जिभेवर थांबवून पारखावा, हे चार पेले न चाखताच घशाखाली लोटण्याहून वाईट कसे? व्यसनास विचार नव्हे, बेफिकिरी पोसते.

तेव्हा स्थळांच्या मालकांकडे आमची मागणी अशी, की फळ्यावर विनोदी नावांच्या जोडीस बिअर केव्हा तयार झाली, तीत मद्यार्क किती, आणि ती चवीला कशी, हे सरळ मराठीत लिहावे. आणि पाहुण्यांस विनंती अशी, की आधी लहान नमुना मागावा, पिण्यापूर्वी हुंगावा, उत्तम निघाला तर कारागिरास बोलावून तसे सांगावे, आणि बिघडलेला असेल तर संकोच न करता, कारण सांगून, परत पाठवावा. पेला परत गेल्यावाचून पुढचा सुधारत नसतो.